परदेशातून येणाऱ्या पैशाचा पत्ता

बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील अनेक मुलेमुली आज परदेशात नोकरी करतात आणि घरी आईवडिलांना नियमाने पैसे पाठवतात. त्या पैशाला योग्य बँकेचे दार दाखवणारी आठ किंवा अकरा अक्षरी खूण म्हणजे 'स्विफ्ट कोड'.

स्विफ्ट ही संस्था १९७३ मध्ये १५ देशांतील २३९ बँकांनी एकत्र येऊन बेल्जियममध्ये स्थापन केली. ती स्वतः पैसे वाहून नेत नाही; एका बँकेचा संदेश दुसऱ्या बँकेपर्यंत सुरक्षितपणे पोहोचवते. रकमेची देवघेव बँकांनी परस्परांकडे उघडलेल्या खात्यांतून होते. म्हणूनच संदेशावरील पत्ता अचूक असावा लागतो.

बेंगळुरूत मुख्यालय असलेल्या कॅनरा बँकेचा कोड पाहा : सीएनआरबी-आयएन-बीबी-बीएफडी. पहिली चार अक्षरे बँकेची, पुढील दोन देशाची, नंतरची दोन स्थानाची आणि अखेरची तीन शाखेची अथवा विभागाची. 'बीबी' म्हणजे बेंगळुरू असा तर्क मात्र कोणी करू नये. मुंबईत मुख्यालय असलेल्या स्टेट बँकेच्या कोडमध्येही हीच दोन अक्षरे आहेत. तात्पर्य, कोड अंदाजाने जुळवता येत नाही.

बँकांचे विलीनीकरण झाले की हा पत्ताही बदलतो. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. सिंडिकेट बँकेचा जुना स्विफ्ट कोड १ जुलै २०२१ पासून बंद करण्यात आला आणि ग्राहकांना वर दिलेला कोड वापरण्यास सांगण्यात आले. परदेशातील मुलाने जुनाच कोड जपून ठेवला असेल, तर रक्कम वाटेत अडकू शकते किंवा शुल्क वजा होऊन परत जाऊ शकते. इकडे मात्र रुग्णालयाचे बिल थांबत नाही.

आयएफएससी आणि स्विफ्ट कोड यांतही गल्लत होते. दोन्ही अकरा अक्षरी असू शकतात; परंतु आयएफएससी देशांतर्गत व्यवहारांसाठी आहे. प्रत्येक शाखेला स्वतंत्र स्विफ्ट कोड असतोच असेही नाही. तेव्हा खातेदाराने आपल्या शाखेतून कोड लेखी घ्यावा, खाते क्रमांक व खात्यावरील नावासह तो परदेशी कळवावा आणि विलीनीकरणानंतर आठवणीने पुन्हा पडताळून पाहावा. पाच मिनिटांची ही दक्षता पुढचे अनेक दिवसांचे हेलपाटे वाचवते.