बोटं छोटी? गिटार बदला!

वडशाच्या झाडीपट्टी नाटकांत संगीत आजही लाइव्ह वाजतं. अशा मुलखात ‘बोटं पोचत नाहीत’ म्हणून कुणी गिटार सोडलं की मला वाईट वाटतं. बॉस, शॉर्ट-स्केल बघा! स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची वाजती लांबी 25.5 इंच, फेंडर मस्टँगची 24. फ्रेट जवळ येतात, ताण घटतो, बोटं कमी दुखतात. आणि हे खेळणं नव्हे. कर्ट कोबेननं 1991 च्या व्हिडिओत मस्टँगच वाजवली.

बजेट कमी? स्वस्तातली चालेल, पण चंद्रपूर-गडचिरोलीत कुरियरनं मागवताना परतीची अट आधी वाचा. आल्या आल्या ट्यूनर लावा: मोकळी तार आणि बारावा फ्रेट, स्वर एकच हवा. ब्रिजचं सॅडल सरकवूनही जुळत नाही? मग पहिल्या पगाराची माया नको, सरळ परत पाठवा.