आम्ही आणि आपण

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आपण सहज उच्चारतो. परंतु त्या निरनिराळ्या प्रकृतींना एका कामास जुंपावयाचे झाले, म्हणजे तिचा खरा अर्थ कळू लागतो. हस्तलिखित काढावयाचे असो, स्नेहसंमेलनातील नाटक बसवावयाचे असो की हॉकीचा सामना खेळावयाचा असो, काम अनेकांचे असते. मग हुशार आणि कष्टाळू मुलांचाही गट पुष्कळदा मध्येच का मोडतो?

'पडाव' म्हणजे मुक्कामाची जागा. आपल्या वस्तीचे हे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याजवळ पडला आणि त्या छावणीतून लष्कर हे शहर उभे राहिले. शिंद्यांच्या राज्याबरोबर मराठी घराणी येथे आली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी व पंजाबी कुटुंबे आली. हिंदी बोलणारी मंडळी तर येथलीच. जवळच्या फुलबागेत मंदिर, मशीद आणि गुरुद्वारा एकाच परिसरात आहेत. अशा गावात मुलांचा कोणताही गट जमला, तरी त्यात दोन-तीन तऱ्हांच्या घरांचे संस्कार एकत्र येणारच.

हे संस्कार बोलण्यात प्रथम दिसतात. मराठीत 'आम्ही' म्हटले, की समोरचा त्यातून वगळला जातो. 'आपण' म्हटले, की तो सामील होतो. हिंदीत 'हम' हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. एवढेच नव्हे, तर आपल्या भागात एकटा मनुष्यही स्वतःला 'हम' म्हणतो. उलट मराठी मुले मित्राला आणि आईलाही प्रेमाने 'तू' म्हणतात. तेच 'तू' हिंदीत नेले, की ऐकणाऱ्याला उर्मट वाटते.

माझ्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग यामुळेच माझ्या स्मरणात राहिला आहे. आम्ही काही मुले मिळून हस्तलिखित काढीत होतो. चित्रांचे काम एका हिंदीभाषी मित्राकडे होते. मी मदतीस गेलो, तेव्हा तो म्हणाला, "हम कर लेंगे." माझ्या मराठी कानाला ते 'आम्ही करू, तुझी गरज नाही' असे ऐकू आले. मीही रागाने म्हणालो, "तो फिर तू ही कर!" त्यावर तोही दुखावला. त्याला केवळ 'मी करीन, तू काळजी करू नकोस' एवढेच म्हणावयाचे होते, हे मला फार उशिरा कळले. तोवर संमेलन होऊन गेले होते आणि आमचे हस्तलिखित अर्धवटच राहिले होते. विचारण्यास एक वाक्य पुरले असते. ते मी विचारले नाही.

भाषेइतकाच भूमिकेचाही प्रश्न असतो. याचा उत्तम धडा हॉकीने दिला आहे, आणि त्यात आपल्या ग्वाल्हेरचाही वाटा आहे. मेजर ध्यानचंद यांचे धाकटे बंधू कॅप्टन रूपसिंह ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यात होते. लॉस एंजेलिस येथील १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४ विरुद्ध १ असा विजय मिळविला. त्यांतील १० गोल रूपसिंहांचे होते, तर ८ ध्यानचंदांचे. त्यांच्या नावाचे क्रीडांगण आपल्या शहरात आहे.

परंतु १९३६ ची कथा अधिक बोधप्रद आहे. बर्लिनला पोहोचल्यावर जर्मन संघाशी झालेल्या सरावाच्या सामन्यात भारत १ विरुद्ध ४ असा हरला. ध्यानचंद कर्णधार होते आणि जगातील अव्वल खेळाडूही होते. तरीही आघाडीच्या फळीत एक जागा दुबळी आहे, हे त्यांनी ओळखले. पंजाबचे अली इक्तिदार शाह दारा यांना तातडीने भारतातून बोलावण्यात आले. १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल झाला होता. अखेरीस त्याच जर्मनीवर ८ विरुद्ध १ असा विजय मिळाला. त्या संघात ध्यानचंद व रूपसिंह होते, दारा व जाफर होते, टॅपसेल व ॲलन हे अँग्लो-इंडियन खेळाडूही होते. त्यांची घरे, भाषा आणि प्रार्थना निराळ्या होत्या. गोलरक्षक ॲलन यांनी गोल करावा, अशी अपेक्षा कोणी केली नाही. पण त्यांनी आपली जागा सोडली असती, तर आघाडीच्या पराक्रमाला काय अर्थ उरला असता?

नाटकातही असेच असते. नायकाला टाळ्या मिळतात. पडदा ओढणाऱ्याची आठवण पडदा अडकला तरच होते. म्हणून गट जमताच दोन गोष्टी कराव्यात. कोणते काम कोणाचे, हे सर्वांसमक्ष ठरवावे, आणि एखादा शब्द खटकला, तर रुसून बसण्याऐवजी "तुला काय म्हणावयाचे होते?" असे सरळ विचारावे. घराण्याच्या सवयी टाकून देण्याची गरज नाही. त्या एकमेकांना समजावून सांगण्याची मात्र आहे.

'गाव करी ते राव काय करी' असे आपले वाडवडील म्हणत. या मुक्कामाच्या गावी निरनिराळ्या दिशांनी आलेल्या आपणा सर्वांना 'आम्ही' पासून 'आपण' पर्यंतचे एवढेसे अंतर चालता आले, तर पुढील वर्षीचे हस्तलिखित खचित पूर्ण होईल.