प्रकाशन व्यवसायात शिरायचे आहे? प्रुफे तपासण्यापासून सुरुवात करा

1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणातला मजकूर खटकल्यावर अधिवेशनच रद्द केले. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. त्या इंग्रजी आवृत्तीच्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. या ग्रंथातल्या विचारांवर आपण तासन्‌तास बोलतो. पण किती प्रती काढायच्या, पैसा कुठून आणायचा, पुस्तक वाचकापर्यंत कसे न्यायचे हे निर्णयही त्याच माणसाने घेतले होते, हे आपण विसरतो. आज चळवळीत लेखकांचा तुटवडा नाही. कवी तर गल्लोगल्ली आहेत. कमी आहेत ती पुस्तक नीट तयार करणारी आणि विकणारी माणसे.

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर इथे पदवी घेणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे साधारण दोन वाटा असतात: स्पर्धा परीक्षा किंवा चाकणची कंपनी. प्रकाशन ही तिसरी वाट आहे. सुरुवातीला पैसे कमी मिळतात, हे आधीच सांगून ठेवतो. पण या धंद्यात पदवी कोणती हे फारसे कोणी विचारत नाही, काम येते का एवढेच पाहतात. पुण्याचा अप्पा बळवंत चौक नारायणगावहून सकाळची एसटी धरली तर एका दिवसात जाऊन येण्यासारखा आहे.

आत शिरण्याचा सर्वात सोपा दरवाजा मुद्रितशोधनाचा, म्हणजे प्रुफे तपासण्याचा. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर पुढच्या जयंतीला गावातले फलक वाचत जा. 'बुध्द', 'बौध्द', 'सिध्दार्थ' असे किती ठिकाणी दिसते ते मोजा. द आधी, ध नंतर, म्हणून 'बुद्ध'. ज्याच्या नावाने आपण ओळखले जातो त्याचेच नाव चुकीचे छापतो, आणि कोणाला खटकत नाही. ज्याला खटकते तो मुद्रितशोधक होऊ शकतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम पाठ करा, एक चांगला शब्दकोश जवळ ठेवा. जोडीला युनिकोड टंकलेखन आणि पानांची मांडणी करणारे एखादे सॉफ्टवेअर शिका. जुन्या प्रकाशकांकडे श्रीलिपीत जुळवलेली पुस्तके पडून आहेत. ती युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात, आणि ते दुरुस्त करायला डोळस माणूसच लागतो. हे काम घरी बसून होते. संस्थेतच शिकायचे असेल तर नॅशनल बुक ट्रस्ट प्रकाशनाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेते.

आता हिशेब. डेमी आकारात एका फॉर्मची 16 पाने, म्हणजे 160 पानांचे पुस्तक दहा फॉर्मचे. समजा, किंमत 200 रुपये ठेवली. वितरक आणि विक्रेत्याला 40 टक्के सूट दिली तर 80 रुपये गेले. लेखकाचे मानधन 10 टक्के धरले तर आणखी 20. उरलेल्या शंभरात कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, टपाल आणि न खपलेल्या प्रतींचे नुकसान. स्वतःच्या स्टॉलवर विकले तर ते 80 वाचतात. म्हणून 6 डिसेंबरचे शिवाजी पार्क, नागपूरची दीक्षाभूमी आणि 1 जानेवारीचा भीमा कोरेगाव आंबेडकरी प्रकाशकांना इतके महत्त्वाचे. यातले शेवटचे ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे. एखाद्या प्रकाशकाच्या स्टॉलवर दोन दिवस उभे राहा. लोक काय मागतात, काय चाळून परत ठेवतात, किती किमतीला हात मागे घेतात, हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत.

पुनर्मुद्रण करणाऱ्यांनी हक्कांचा कायदा वाचलाच पाहिजे. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ 1 जानेवारी 2017 पासून खुले झाले. निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्या लिखाणाची मुदत मात्र प्रकाशनापासून मोजतात: 'द बुद्धा अँड हिज धम्मा' 1957 चा, म्हणून एक वर्ष उशिरा, 'रिडल्स' शासनाच्या खंडात 1987 ला आले, म्हणून ते 2047 अखेरपर्यंत नाही. अण्णा भाऊ साठे 1969 ला गेले. त्यांचे हक्क 2029 अखेरपर्यंत आहेत. अनुवादाचा हक्क वेगळा असतो. मूळ ग्रंथ खुला झाला म्हणून कोणाचाही मराठी अनुवाद उचलून छापता येत नाही, आणि आपल्याकडे हे सर्रास चालते.

आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारची यंत्रणा फुकट देते; त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नका. 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. लेखकाकडूनच सगळा खर्च घेऊन पाचशे प्रती त्याच्याच घरी टाकणाऱ्यांना मी प्रकाशक म्हणत नाही. तिथे कामाला लागलात तर छपाई शिकाल, प्रकाशन नाही.

उदाहरणे दूरची नाहीत. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. त्यांचे 'बलुतं' 1978 मध्ये ग्रंथालीने काढले, आणि वाचक चळवळीच्या जाळ्यातून ते कुठल्या कुठे पोचले. पुण्यात विलास वाघ यांनी सुगावा प्रकाशन उभे केले. योगेश मैत्रेय यांनी 2016 मध्ये पँथर्स पॉ सुरू केले आणि मराठी दलित साहित्य इंग्रजीत नेले.

पहिल्या पुस्तकासाठी विषय शोधत असाल तर तो तुमच्या उशाशी आहे. लेण्याद्रीला लोक गिरिजात्मजाच्या दर्शनाला येतात. ज्या विहारात ते उभे राहतात त्याच्या शेजारच्या सहा क्रमांकाच्या चैत्यगृहावर कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याच्या दानाचा लेख आहे. जुन्नरच्या दुसऱ्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. अशा लेखांचे वाचन, सोपा मराठी अर्थ, एक नकाशा, चार छायाचित्रे: 32 पाने, म्हणजे दोन फॉर्म. अभ्यासकाकडून तपासून घ्या, तीनशे प्रती काढा आणि पावसाळा संपल्यावर पायथ्याशी टेबल मांडा.