सुई टोचली तर गप्प बसू नका

आपल्या तळेघरच्या डोंगरपट्ट्यातल्या लेकी आता नर्सिंगला जातात, उद्या दातांच्या डॉक्टरही होतील. दाताचं काम एवढ्याशा तोंडात. भुलीची सुई, टोकदार हत्यारं, रक्त नि लाळ. सुई बऱ्याचदा टोचते ती काम झाल्यावर, दोन्ही हातांनी टोपण परत बसवताना.

टोचलं की पोरी बोलत नाहीत. सर रागावतील, एवढंसं तर लागलंय! इथंच घात होतो. रुग्णाला आजार असेल, तर एचआयव्हीची लागण साधारण हजारात तिघींना होते. लस न घेतलेल्यांत ‘ब’ काविळीची शंभरात तिसांपर्यंत. आपण भितो एचआयव्हीला, आणि ‘ब’ काविळीची लस मात्र राहून जाते. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात.

टोचलेलं बोट चोखू नका, पिळू नका. साबण-पाण्यानं धुवा, लगेच वरिष्ठांना सांगा. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या 2 तासांत सुरू झालेल्या बऱ्या, 72 तासांनंतर उपयोग नाही. त्या 28 दिवस घ्यायच्या. पावसाळ्यात इथून घोडेगाव-मंचर गाठायचं, म्हणजे वेळ आधीच कमी. नोंद झाली, तर रुग्णाचं रक्तही तपासता येतं आणि दुखापत कामावरच झाली याचा पुरावा राहतो. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतही अशा अपघाताची नोंद ठेवायला सांगितलंय.

आणि घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून झाकण घट्ट लावा, आरोग्य केंद्रात विचारून तिथं द्या. उकिरड्यावरची सुई टोचते ती झाडणाऱ्या बाईला, आणि तिला तर रुग्ण कोण हेही कळत नाही.