'ठाणे' शोधलं आणि डोंबिवली सापडली! मेसेज फिल्टरची अट कशी लिहायची?

ऑर्डरचे ई-मेल आपोआप वेगवेगळ्या फोल्डरमध्ये कसे टाकायचे, हे आपण व्हिडिओत पाहिलं. त्यात जी 'अट' लिहावी लागते, ती इथे सावकाश समजून घेऊ. कारण बटणं दाबणं सोपं आहे, गोंधळ अटीतच होतो.

समजा, तुमचा डोंबिवलीत फराळाचा व्यवसाय आहे. दिवाळीच्या तोंडावर फॉर्म भरून ऑर्डर येतायत. ठाण्याचा डिलिव्हरीवाला वेगळा, कल्याण-डोंबिवलीचा वेगळा. तुम्ही फिल्टर लावलात: 'पत्त्यात ठाणे असेल, तर ठाणे फोल्डर.' संध्याकाळी बघता तर डोंबिवलीच्या ऑर्डरसुद्धा त्यातच! का? कारण आपण सगळेच पत्त्याच्या शेवटी 'जि. ठाणे' लिहितो. शिवाय कुणाचा पत्ता 'मानपाडा पोलीस ठाणे, डोंबिवली पूर्व' याच्या शेजारचा असतो.

सॉफ्टवेअरला गाव, जिल्हा, पोलीस ठाणं यातलं काही कळत नाही. ते फक्त अक्षरं जुळवतं.

तुलना कुठली, ते आधी ठरवा

थंडरबर्डसारख्या ई-मेल प्रोग्रॅममध्ये मजकूर जुळवायचे मुख्य चार पर्याय असतात: मजकुरात कुठेही आहे, तंतोतंत तोच आहे, त्याने सुरू होतो, त्याने संपतो. 'कुठेही आहे' हा सगळ्यात सैल. 'तंतोतंत' सगळ्यात कडक. एक जादा स्पेस आली तरी जुळत नाही. जीमेलचा स्वभाव वेगळा. तिथे लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक पडत नाही, पण ते शब्दाच्या तुकड्यावरून शोधत नाही, पूर्ण शब्द द्यावा लागतो.

मराठीतले खास खड्डे

१. शब्द बदलतो. 'डोंबिवलीला पाठवा' यात 'डोंबिवली' सापडते. पण 'ठाण्याला पाठवा' यात 'ठाणे' ही अक्षरं नाहीतच!

२. दिसायला सारखं, आतून वेगळं. 'खाऱ्या शंकरपाळ्या' मधला 'ऱ्या' दोन पद्धतींनी टाइप होतो. 'ॲडव्हान्स' मधला 'ॲ' सुद्धा एकापेक्षा जास्त पद्धतींनी. आपल्या डोळ्यांना फरक दिसत नाही, पण बऱ्याच सॉफ्टवेअरसाठी ते वेगळे शब्द असतात.

३. स्पेलिंग. इंग्रजीत डोंबिवली लिहिताना कुणी 'व्ही' नंतर लगेच 'एल' लिहितं, कुणी मध्ये 'ए' घालतं. दोन्ही अटीत हवीत.

४. आकडे. ग्राहकाने पिनकोड मराठी आकड्यांत लिहिला आणि तुमची अट इंग्रजी आकड्यांत असेल, तर जुळेलच याची खात्री नाही.

पिनकोड वापरा, पण नीट

गावाच्या नावापेक्षा पिनकोड भरवशाचा. डोंबिवली पूर्व ४२१२०१, पश्चिम ४२१२०२, कल्याण पश्चिम ४२१३०१, कल्याण पूर्व ४२१३०६. मात्र '४२१३ ने सुरू होतो तो कल्याण' असं लिहू नका. ४२१३०२ भिवंडीचा आहे. फॉर्ममध्ये पिनकोडचा रकाना वेगळा ठेवा आणि तिथे 'तंतोतंत' हीच तुलना लावा. संपूर्ण मेसेजमध्ये शोधलंत, तर मोबाइल नंबरमधले आकडेही जुळू शकतात.

'आणि' की 'किंवा'?

नावानेच फिल्टर लावायचा असेल, तर अट अशी हवी: 'ठाणे आहे, आणि डोंबिवली नाही, आणि कल्याण नाही.' शेवटच्या दोन 'नाही'मध्ये चुकून 'किंवा' आलं, तर 'डोंबिवली, जि. ठाणे' हा पत्ताही पास होतो. कारण त्यात कल्याण नाही! लक्षात ठेवा, दोन 'नाही' जोडायचे तर जवळजवळ नेहमी 'आणि'च लागतं.

आणि कल्याण-शिळ रोडवर राहणारा डोंबिवलीकर विसरू नका. त्याच्या पत्त्यात दोन्ही नावं येतात. म्हणून आधी डोंबिवली तपासा, मग कल्याण, शेवटी ठाणे.

रकमेची गंमत

शीटमध्ये रकमेपुढे 'रुपये' असं हाताने लिहिलंत, तर तो आकडा न राहता मजकूर होतो. मजकूर म्हणून तुलना केली, तर ९०० हे १२०० पेक्षा मोठे ठरतात, कारण पहिलं अक्षर ९ हे १ च्या पुढे येतं. रकान्यात फक्त आकडा ठेवा. नावांच्या मागच्या-पुढच्या जादा स्पेस काढायला 'ट्रिम' वापरा. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांसकट तपासायचं असेल तर 'एक्झॅक्ट'.

आज करायचं काम

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ग्राहकाला लिहायलाच लावू नका. गूगल फॉर्ममध्ये गावासाठी ड्रॉपडाउन द्या. तिथे प्रत्येक वेळी एकच स्पेलिंग येतं.

तोवर स्वतःलाच तीन ऑर्डर पाठवून बघा: एक ठाण्याची, एक 'डोंबिवली, जि. ठाणे' अशी आणि एक मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची. कुठल्याच अटीत न बसणाऱ्या मेसेजसाठी 'बाकी' नावाचं फोल्डर ठेवा आणि ते रोज रात्री उघडा. नवीन फिल्टरला डिलीट करायची परवानगी तर कधीच देऊ नका. चुकीच्या फोल्डरमधली ऑर्डर उशिरा का होईना सापडते. डिलीट झालेली कळते ती ग्राहकाचा चिडून फोन आल्यावर, आणि तोपर्यंत लक्ष्मीपूजन होऊन गेलेलं असतं.