सशाच्या पिल्लाची निगा आणि त्याचा उद्योग

क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात किंवा आठवडी बाजारात सशाचं पिल्लू हातात घेतलं, की ते घरी आणायचं हे पाच मिनिटांत ठरतं. नीट सांभाळलं तर तेच पिल्लू आठ ते दहा वर्षं जगतं. त्यातले पहिले सहा महिने सगळ्यांत नाजूक. या काळात पिल्लं दगावतात ती बहुतेकदा पोटाच्या तक्रारीने, आणि त्यातल्या पुष्कळ तक्रारी रोजच्या साध्या शिस्तीने टळतात. ती शिस्त काय आणि कशासाठी, हे क्रमाने पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. पाळीव ससा मूळचा युरोपातला, बिळं खणून कळपाने राहणारा. आपल्या माळरानावरचा ससा वेगळ्या जातीचा. तो बिळात राहत नाही आणि त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, उघड्या डोळ्यांची असतात. त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे रानात सापडलेलं पिल्लू घरी आणायचं नाही. पाळीव सशाची पिल्लं मात्र जन्मतात ती बिनकेसांची, डोळे मिटलेली. दहाव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात, पण आईचं दूध हळूहळू सुटायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नये. दुकानदार वय सांगेल ते सांगेल. पिल्लू स्वतःहून गवत खातं का आणि त्याची शेपटीखालची जागा कोरडी आहे का, हे आपण पाहावं.

गवत का, गाजर का नाही

सशाचं पोट म्हणजे सतत चालती ठेवावी लागणारी गिरणी. वरून गवत पडत राहिलं, तरच आतलं काम चालतं. गवतातले जाड धागे आतड्याला पुढे ढकलण्याचं काम देतात आणि टणक लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक भाग मागे वळून आंधळ्या आतड्यात जातो. तिथले जीवाणू तो आंबवतात आणि त्यातून मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या लेंड्यांचा घोस तयार होतो. ससा तो घोस बाहेर पडताच तोंडाने उचलून खातो. पाहणाऱ्याला किळस वाटते, पण त्यातूनच त्याला प्रथिनं आणि ब गटाची जीवनसत्त्वं मिळतात. त्याला यापासून अडवू नये.

सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचं पोटात गेलेलं परत येत नाही. पोळी, बिस्किट, भात, ब्रेड यांतल्या पिठाने आंधळ्या आतड्यातल्या जीवाणूंचा तोल जातो, गॅस होतो, जुलाब लागतात. पिल्लाचे जीवाणू अजून स्थिरावलेले नसतात, म्हणून त्याला याचा फटका जास्त बसतो. गाजराचा लौकिक मोठा असला तरी त्यात साखर भरपूर. कधीमधी एखादी पातळ चकती पुरे.

दातांचाही हिशेब गवताशीच आहे. सशाचे सगळे 28 दात आयुष्यभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. गवत चावताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा घासल्या जातात. नुसत्या गोळीखाद्यावर ती झीज होत नाही. मग दाढांना टोकं फुटतात, जीभ-गाल सोलवटतात आणि ससा खाणं टाकतो.

म्हणून खाण्यातला निदान ऐंशी टक्के वाटा गवताचा, आणि ते चोवीस तास समोर हवं. सहा महिन्यांपर्यंत लसूणघास चालतो, कारण वाढत्या हाडांना त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं हवी असतात. त्यानंतर तो हळूहळू बंद करून साधं वाळलेलं गवत द्यावं. सशाचं शरीर आहारातलं कॅल्शियम गरज नसतानाही शोषून घेतं आणि जादाचं लघवीवाटे टाकतं. मोठेपणी त्यातून मूत्राशयात गाळ साठतो. गवत हिरवट आणि सुवासिक असावं. धुळकट, काळपट किंवा कुबट वास येणारं नको. हरळी चांगली, पण फवारणी झालेल्या बागेतली किंवा रस्त्याकडेची नको. कोवळी ज्वारी जनावरांना लागते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही; सशालाही ती घालू नये.

पिल्लू घरी आलं की पहिला आठवडाभर ते आधी जे खात होतं तेच द्यावं. नवं गवत आणि नवं खाद्य त्यात थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत बदल करावा. पालेभाजी त्याहून उशिरा आणि एका वेळी एकच. कोथिंबिरीची दोन पानं द्यावीत, दुसऱ्या दिवशी लेंड्या पाहाव्यात, ठीक असतील तर वाढवावं. मग पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला याच रीतीने. पालक बेताने. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, अळूची पानं आणि चॉकलेट अजिबात नको. पाण्यासाठी जड, पसरट वाडगा ठेवावा. नळीच्या बाटलीपेक्षा त्यातून ससा सहज आणि जास्त पाणी पितो.

सकाळी लेंड्या पाहा

ससा भक्ष्य होणारा प्राणी. दुखणं दाखवणारा आधी मारला जातो, म्हणून तो ते लपवतो. लेंड्या मात्र लपत नाहीत. रोज सकाळी ट्रे साफ करताना त्यातली एखादी कागदावर घेऊन काडीने दाबून पाहा. चांगली लेंडी गोल, वाटाण्याहून लहान आणि कोरडी असते. दाबली की भुसभुशीत फुटते, आत गवताचे पिवळट धागे दिसतात आणि वास जवळजवळ नसतो. मोठा ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. त्या बारीक व्हायला लागल्या, टोकदार झाल्या किंवा केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या, तर गवत कमी पडतंय किंवा आतडं मंदावलंय. मऊ लेंड्या न खाता नुसत्या पडलेल्या दिसल्या, तर बहुधा गोळीखाद्य किंवा गोड जास्त होतंय. लघवी कधी केशरी, कधी तांबूस दिसते. तो बहुतेकदा पाल्यातल्या रंगाचा परिणाम असतो. पण लघवीला बसून जोर करावा लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या बंद, हे सशाच्या बाबतीत तातडीचं दुखणं. ‘उद्या बघू’ म्हणायला वेळ नसतो. पिल्लाला पातळ जुलाब झाले तर तासही मोजावे. घरातलं औषध देऊ नये. ॲमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली तर पोटातले उपयोगी जीवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्याच्या पिसवांसाठी मिळणारं फिप्रोनिल हे औषध सशाला विषारी आहे. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लाचं वजन करून वहीत मांडा. वाढत्या पिल्लाचं वजन घटणं ही पहिली खूण.

जागा

सशाच्या पंजाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, फक्त केस असतात. त्यामुळे तारेच्या जाळीवर राहिलेल्या सशाच्या टाचा सोलवटतात. तळ सपाट हवा आणि वर चटई किंवा जाड सुती कापड. पिंजरा असलाच तर तो झोपायची खोली समजावा, घर नव्हे. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी किमान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी सलग जागा सुचवते. आपल्या फ्लॅटमध्ये एवढं कायमचं कुंपण जमलं नाही, तरी हॉलचा एक भाग अडवून पिल्लाला रोज काही तास मोकळं धावू द्यावं.

शी-शूची शिस्त सशाला लवकर लागते, कारण तो मुळातच एक कोपरा निवडतो. त्याने निवडलेल्या कोपऱ्यात ट्रे ठेवा, खाली कागद आणि वर गवत. खाता खाता लेंड्या टाकणं ही त्याची सवयच, म्हणून गवताची टोपली ट्रेला लागून असावी. मांजरासाठीची गोळा होणारी वाळू वापरू नका. पिल्लू ती चाखतं आणि ती पोटात घट्ट बसते.

रिकामं पिल्लू उपद्रव करतं

रानातला युरोपीय ससा पहाटे आणि संध्याकाळी तासन्‌तास चरतो, खणतो, कुरतडतो, कान टवकारून चाहूल घेतो. घरच्या पिल्लाला हे काहीच करता आलं नाही, तर ते चार्जरची वायर, सोफ्याचा कोपरा आणि पिंजऱ्याचे गज निवडतं. वायरी नळीत घाला आणि त्याला त्याचा उद्योग द्या.

सगळ्यांत स्वस्त आणि उत्तम खेळणं म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं. त्याला समोरासमोर दोन दारं कापा. एकच दार असलं तर पिल्लू आत जायला बिचकतं; बिळाला पळवाट असते, तशी ती इथेही हवी. चिकटपट्टी आणि पिना आधी काढून टाका. दुसऱ्या पसरट खोक्यात फाडलेले कागद किंवा स्वच्छ माती भरा. खणण्याची हौस तिथे भागते. कागदी नळकांड्यात गवत कोंबून आत कोथिंबिरीची काडी लपवा. गोळीखाद्य वाटीत न घालता चटईवर विखुरलं, तर दोन मिनिटांत संपणारं जेवण हुंगत, शोधत पंधरा मिनिटं चालतं. सगळं एकदम मांडू नका; दर दोन-तीन दिवसांनी एक वस्तू बदला.

खरी सोबत मात्र दुसऱ्या सशाचीच. पण तीन महिन्यांनंतर नर-मादी वेगळे करावेच लागतात. सशाची गर्भावस्था साधारण 31 दिवसांची, आणि व्यायल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. नसबंदी झाली की जोडी सुखाने राहते. मादीची नसबंदी आणखी एका कारणासाठी हवी: वय वाढेल तसा तिला गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका फार मोठा असतो.

हात कसा लावायचा

सशाला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, पण नाकासमोरचं दिसत नाही. समोरून आलेला हात त्याला अचानक उगवल्यासारखा वाटतो. जमिनीवर बसा, बाजूने हात न्या आणि कपाळ कुरवाळा. कान धरून कधीही उचलू नये. उचलायचंच तर एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्यांखाली. मागचे पाय अधांतरी राहिले तर तो इतक्या जोराने झाडतो, की स्वतःचाच मणका मोडू शकतो. लहान मुलांना म्हणूनच बसून खेळायची सवय लावावी, उचलायची नव्हे. हवेत उडी मारून अंग पिळलं म्हणजे स्वारी खुशीत आहे. मागचा पाय आपटला म्हणजे धोक्याची सूचना. दात हलकेच वाजले तर समाधान, करकर वाजले तर वेदना.

ऋतूंचा हिशेब

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. तो उष्णता मुख्यतः कानांवाटे सोडतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना तर जीवघेणाच. दुपारी त्याला घरातल्या सर्वांत थंड फरशीवर ठेवा, कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली शेजारी ठेवा, कानांवरून ओला हात फिरवा. अंघोळ घालू नका. पावसाळ्यात शेपटीखालची जागा रोज तपासा. तिथे ओल राहिली तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी त्याला आतल्या खोलीत, लपायचं खोकं देऊन ठेवा आणि त्या रात्री तो गवत खातोय ना, हे पाहा.

थोडक्यात, रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास, अखंड गवत आणि पळायला जागा एवढं ससा मागतो. पिल्लू आणण्याआधी दोन कामं करा. ससा तपासण्याचा अनुभव असलेले पशुवैद्य आपल्या गावात कुठे आहेत, ते शोधून नंबर लिहून ठेवा. आणि घरातल्या मुलाची हौस सहा महिन्यांत फिटल्यावर उरलेली नऊ वर्षं ट्रे कोण साफ करणार, हे आधीच ठरवा. या प्रश्नाला घरातलं कोणी मोठं माणूस ‘मी’ म्हणालं, तरच पिल्लू आणा.