मासे वर दिसतात, मग गळाला का लागत नाहीत?

मे महिन्यात आम्ही सास्तूरहून पहाटेच माकणी धरणावर गेलो. पाणी आटलेलं. मासे वर तोंड काढून दिसत होते, पण गळाला एक लागेना.

ते खायला नाही, श्वासासाठी वर आले होते! गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. शेवाळ तो दिवसा सोडतं, रात्री मात्र स्वतःच वापरतं. म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी. कटला एरवीही वरच चरतो, तिथंच आपण फसतो. पण तळाला राहणारा मृगळ वर दिसला, तर गळ गुंडाळा आणि तिथल्या मच्छीमारांना लगेच सांगा. अशा पाण्यात एका रात्रीत मासे मरू शकतात, त्यांची कमाई जाते. एरवी ऊन चढल्यावर, वाऱ्यानं लाटा आदळतात त्या काठाला बसा. तिथं पाण्यात हवा मिसळते.